पेटीचं अस्तर

त्या घरातल्या न्हाणीघराला दार होतं, पण ते कधीच लागत नसे. सकाळी आठला आई अंघोळीला गेली की नऊ वर्षांची भिंगरी बाहेर स्टूल टाकून बसे आणि मोठ्यानं पाढे म्हणू लागे. बेचा झाला की तीनचा, तीनचा झाला की चारचा. जरा थांबली की अर्धवट उघड्या दारातून हाक येई.

"भिंगरे, आहेस ना गं?"

"आहे की! चार सक चोवीस!"

मग आत तांब्याचा आवाज पुन्हा सुरू होई. भिंगरीला वाटे, सगळ्यांच्या आया अशाच अंघोळ करतात. वर्गातल्या मैत्रिणीनं एकदा विचारलं, "तुला एवढे पाढे कसे गं येतात?" तर ही भाबडेपणानं म्हणाली, "का? तुझी आई अंघोळ करत नाही?"

हसू आलं ना? येऊ द्या. दार का लागत नाही, हे कळेपर्यंत हसून घ्या.

भिंगरीचे बाबा भुतांचे सिनेमे काढत. चौदा वर्षांत अठरा काढले. गावाबाहेरचं एक पडीक गोदाम, खिडक्यांवर ठोकलेलं काळं कापड म्हणजे भर दुपारी मध्यरात्र, कोपऱ्यात धूर सोडणारं यंत्र आणि बारा दिवसांत अख्खा सिनेमा उरकायची हातोटी, एवढ्यावर माणूस उभा होता. त्याच्या सिनेमांना टीकाकार नाकं मुरडत आणि थेटरं भरत. घरी म्हणाल तर हा माणूस गरीब गाय. झुरळ निघालं की आधी हा खुर्चीवर चढायचा. बायकोवर कधी हात उगारला नाही, दारूच्या वाटेला गेला नाही. लेकीचा ताप उतरेना तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी बसून होता. राक्षस असता तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती.

त्याची बायको घरी शिवणयंत्रावर सिनेमाचे कपडे शिवायची. पहिल्या सिनेमाची नायिकाही तीच. लग्नाला सहा महिने झाले होते आणि फुकटात काम करायला दुसरी कोण येणार? त्यात नायिकेला जिवंतपणी पेटीत बंद करतात असा प्रसंग होता. नवऱ्यानं सांगितलं, "आत दहा आकडे मोज. दहा झाले की उघडतो." तिनं दहा मोजले. मग शंभर मोजले. पेटीला कडी नव्हती म्हणून झाकणावर कुणीतरी बसलं होतं, ते उठलं नाही. कॅमेऱ्यातली फिल्म संपली, नवी भरली, तीही संपली, पण पेटी उघडली नाही. अकरा मिनिटं! आठव्या मिनिटाला तिच्या तोंडून जी किंकाळी फुटली, ती ऐकून गोदामातल्या गड्यांच्या अंगावर काटा आला.

त्या किंकाळीनं नवऱ्याचं नाव झालं आणि बायकोचं दार गेलं. तेव्हापासून ती बंद खोलीत दोन क्षण राहू शकत नाही.

पण धंद्यानं यातून काय शिकावं? उलटंच शिकला. नटीला काही न सांगता, खरंच घाबरवून घ्यायचा, त्या शॉटला त्या गोदामात 'कोरा शॉट' म्हणू लागले. कारण त्या क्षणी नटी कोरी असते, पुढं काय आहे ते तिला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. एकीच्या पायाखालची फळी काढली. एकीच्या पांघरुणात साप सोडला, आणि दात काढलेला होता हो, म्हणून वर हसले. एकीला सांगितलं कापड जाड आहे, आणि मागून असे दिवे लावले की ती अब्रू पडद्यावर टांगून घरी गेली. ती पोर पुढं बोलताना अडखळायला लागली आणि पुन्हा दिसली नाही. सेटवर एकच नियम होता. साहेब 'कट' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. "वाचवा", "उघडा" हे तर सिनेमातलंच बोलणं, तेव्हा ते खरं कधी मानायचं? म्हणून कधीच मानायचं नाही. शिकलेली, पोराबाळांची माणसं होती ती सगळी. संध्याकाळी घरी जाऊन आपल्या मुलींना गणितं शिकवत होती.

साहेबांची थोरली बहीण, भिंगरीची आत्या, सेटवर रंगभूषा बघायची. रडून लाल झालेल्या नटीचं तोंड पुसताना ती दर वेळी समजूत घालायची, "अगं, मुलीची जात. थोडं भ्यायला शिकलेलं बरंच असतं." आणि हे ती मनापासून म्हणायची, हेच वाईट.

ज्या नटीला नीट ओरडता येत नसे, तिच्या तोंडी ती जुनी किंकाळी चिकटवत. अठरा सिनेमे तीच चालली. पण अठराव्याच्या वेळी भलतंच झालं. पडद्यावरच्या नटीनं तोंड उघडायच्या आत थेटरातली पोरं तीच किंकाळी हेल काढून ओरडली आणि सगळं थेटर खो खो हसलं. मागच्या रांगेत शिवणवाली बाई नवऱ्याशेजारी बसली होती. आपल्या मरणाची नक्कल ऐकत ती हातातला रुमाल चुरगाळत राहिली.

सिनेमे विकत घेणारा शेटजी बाहेर पडताना म्हणाला, "साहेब, तुमची किंकाळी लोकांना पाठ झाली. नवी आणा. आणि आता बाईची नको, लहान मुलीची आणा."

भिंगरी जन्मली तेव्हा आईनं नवऱ्याकडून एकच वचन घेतलं होतं. पोरीला कॅमेऱ्यासमोर न्यायचं नाही. नऊ वर्षं त्यानं ते पाळलं. या वेळी तो आठवडाभर घुटमळला, चहाचा कप हातात घेऊन शिवणयंत्राजवळ येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. शेवटी म्हणाला, "एकच शॉट आहे गं. बाहुली घेऊन खिडकीत बसायचं. ताई आहे की तिथं."

"नुसतं खिडकीत?"

"नुसतं खिडकीत. तुझी शप्पथ."

शप्पथ बायकोची घेतली, स्वतःची नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही. भिंगरी "जाऊ दे ना गं, जाऊ दे ना गं" करत अंगाभोवती गरगरत होती. आईनं मान हलवली.

त्याच आठवड्यात त्यानं एक माप दिलं. लांबी, रुंदी, खोली, कागदाच्या चिठोऱ्यावर. "बाहुलीच्या पेटीला आतून अस्तर पाहिजे. लाल मखमल, आणि आत कापूस. दोन थर घाल, जाड झालं पाहिजे." एका बाहुलीचे एवढे लाड कशाला, असा विचार तिच्या मनात आला आणि गेला. कामात ती चोख. टाके इतके बारीक घातले की कुठं शिवण लागत नव्हती.

आता त्या दिवसाकडे येऊ. सकाळी पाढे झाले, अंघोळ झाली. भिंगरी नवा फ्रॉक घालून टेबलाशी दूध पीत होती आणि मधूनच टेबलावर बोटांच्या पेरांनी वाजवत होती. ठक, ठक, ठक. थांबायची, गालात हसायची, पुन्हा ठक, ठक, ठक.

"काय चाललंय गं?"

"गंमत आहे. सांगायची नाहीये."

"मला पण नाही?"

"तुला तर मुळीच नाही," असं म्हणून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि बाबांकडे बघितलं. बाबा बुटाची नाडी बांधत होते. ती बांधलेलीच होती.

दोघं गेली. आई यंत्रावर बसली. तासाभरात हातातलं काम संपलं म्हणून ती चिंध्या आवरू लागली. अस्तरातला उरलेला एक तुकडा होता, वीतभर, मखमलीचा, दोन थरांचा. त्याखाली ते चिठोरं सापडलं. लांबी चार फूट चार. तिची नजर तिथं अडली. शिवणवालीच्या डोक्यात घरच्या माणसांची मापं कायमची असतात. भिंगरीचा नवा फ्रॉक मागच्याच आठवड्यात बेतला होता. पोरीची उंची चार फूट दोन.

बाहुली तिनं पाहिली होती. हातभर होती.

मग सकाळची ती ठक ठक ठक आठवली. तीनदा ठोकायचं. म्हणजे ठोकलं की उघडतो, असं सांगितलंय तर! चौदा वर्षांपूर्वी आकडे होते, आता ठोकणं आहे. ते तरी बरं, असं मनाशी म्हणत तिनं तो मखमलीचा तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यावर पेरांनी ठोकलं.

काहीच वाजलं नाही.

तिनं मूठ आवळून ठोकलं. बुक्का मारला. कापसात बुक्का मारल्यावर वाजणार काय? दोन थर तिनंच घातले होते. "माझ्या हातानं शिवलं गं बाई, माझ्याच हातानं," एवढंच ती पुटपुटली, आणि पायांत चपला न घालता बाहेर धावली.

गोदाम वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. ती किती वेळात पोचली हे तिला कधीच सांगता आलं नाही. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. दरवान आडवा आला.

"वहिनी, लाल दिवा आहे. आत शॉट चाललाय. साहेब माझी नोकरी घालवतील."

"कसला शॉट?"

दरवान जमिनीकडे बघायला लागला. त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिनं त्याला ढकललं नाही की शिवी दिली नाही. "तुमची मुलगी केवढी आहे हो?" असं विचारलं. तो बाजूला झाला.

आत काळोख. एका दिव्याच्या उजेडात मधोमध काळी पेटी, झाकण लागलेलं, या वेळी पितळी कडी घातलेली. भोवती पंधरावीस माणसं जागच्या जागी उभी. कॅमेरा चालू होता. बाकी चिडीचूप. किंकाळी नाही, रडणं नाही. हे कशाची वाट बघत उभे आहेत?

ती पुढं निघाली तसा आत्यानं तिचा दंड धरला. आत्या कानाशी कुजबुजली, "अगं, थांब! अजून ओरडलीच नाही ती. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

तेवढ्यात आईचं लक्ष साउंडवाल्याकडे गेलं. तो कोपऱ्यात यंत्रापुढे बसला होता, कानांवर हेडफोन लावून. पेटीच्या आत माईक होता. त्या सगळ्या गोदामात आतलं ऐकू येत होतं ते त्या एकट्याला. त्याचे डोळे मिटलेले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ओठ हलत होते. आपले ओठ हलताहेत हे त्याला कळतही नसावं. आई त्या ओठांकडे बघत राहिली आणि तिला वाचता आलं.

सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस.

पोरीनं तीनदा ठोकलं होतं. पुन्हा तीनदा ठोकलं होतं. कुणी उघडेना, तेव्हा तिला ठाऊक होता तो एकच उपाय तिनं केला. कुणाला भीती वाटत असली की मोठ्यानं पाढे म्हणायचे, म्हणजे आई आहे आणि आपण आहोत हे कळतं.

आईनं आत्याचा हात झटकला, दिव्याच्या उजेडात गेली आणि कडी काढून झाकण उघडलं. "अरे! अरे! शॉट!" असं कुणीतरी ओरडलं. आत लाल मखमलीत भिंगरी उताणी पडली होती. डोळे सताड उघडे, फ्रॉक ओला झालेला, ओठ पांढरे. झाकण उघडलं तरी ती थांबली नाही.

"सात अठ्ठे छप्पन्न, सात नव्वे त्रेसष्ट..."

"भिंगरे, मी आहे. मी आहे गं."

"सात दाहे सत्तर," पोर म्हणाली, आणि मग आईच्या गळ्याला अशी मिठी मारली की आईला श्वास घेता येईना. तिच्या हाताच्या पेरांना खरचटलंसुद्धा नव्हतं. अस्तर उत्तम शिवलेलं होतं.

"कट," असं साहेब सवयीनं बोलून गेले. मग धावत आले, लेकीच्या केसांवरून हात फिरवत हुंदके देऊन रडू लागले. ते रडणं खोटं नव्हतं. पण रडता रडता त्यांनी लेकीच्या डोक्यावरून साउंडवाल्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आलं ना?"

"काय?"

"किंकाळी."

"नाही आली साहेब. पोर पाढे म्हणत होती."

"पाढे?" साहेबांनी डोळे पुसले. "पेटीत? पाढे?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर, त्या ओल्या चेहऱ्यावर, एक चमक आली. "अरे, हे तर किंकाळीच्या वर..."

आपण काय बोलतोय याचं त्यांना भान आलं, पण उशीर झाला होता. बायकोनं ऐकलं होतं. तिनं भिंगरीला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची पोर कडेवर मावत नाही, पण घेतलं.

"ठोकलेलं ऐकू येणार नाही, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"तिच्या हातांना लागू नये म्हणून मी..."

"ठाऊक होतं का?"

हातांना लागू नये हेही खरं होतं आणि ठाऊक होतं हेही खरं होतं.

"मग आता तुम्ही बसा आत."

"काय?"

"बसा. मी झाकण लावते. तीनदा ठोका, उघडते."

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेटीकडे पाहिलं आणि नकळत एक पाऊल मागं सरकले. "वेड लागलंय का तुला? मी त्यात मावणार कसा?"

"माप द्या. मोठी करून घेऊ. अस्तर मीच शिवते, दोन थर घालून."

"अगं, नवऱ्याला चारचौघांत असं बोलतात का?" आत्या पुढं झाली. "एवढं काय आभाळ कोसळलं? चौदा वर्षांपूर्वी तू नाही का..."

"ताई, चौदा वर्षांपूर्वी झाकणावर तुम्ही बसला होतात. तुमच्या बांगड्या वाजत होत्या, मी आतून मोजत होते."

आत्याचा हात आपोआप मनगटाकडे गेला. ती खाली स्टुलावर बसली आणि दुसऱ्या हातानं बांगड्या दाबून धरल्या.

साउंडवाला उठला. यंत्रावरची टेप काढून त्यानं ती हातांनी ओढली, ओढतच राहिला, जमिनीवर तपकिरी गुंताडा झाला. तो सगळा गोळा करून त्यानं बाईंच्या मोकळ्या हातात दिला. "वहिनी, तेव्हाही मीच ऐकत होतो," असं म्हणून त्यानं हेडफोन खुंटीला टांगला आणि तो बाहेर गेला. त्याच्यामागून दिवेवाला गेला. बाकीचे जागचे हलले नाहीत. खरं तेच सांगायला हवं.

त्या दिवसापासून त्या घरात न्हाणीघराबाहेर दोन पाळ्या लागतात. आधी आई आत आणि लेक स्टुलावर, मग लेक आत आणि आई स्टुलावर. आईला नऊच्या पुढचे पाढे धड येत नाहीत. ती चुकली की आतून आवाज येतो, "आई, एकशे आठ!" साहेब बाहेरच्या खोलीत झोपतात. त्यांनी माफी मागितली, दोनदा मागितली. आणि तिसऱ्या आठवड्यात दुसरी मुलगी शोधली.

आपण थेटरात बसून "काय ओरडली रे!" म्हणतो ना, तेव्हा ती ओरडली की तिला ओरडवलं, हे आपण कधी विचारतो का? कोऱ्या शॉटचं गिऱ्हाईक कोण आहे? शेटजी नव्हे. तो आपलीच आवड विकतो.

दुसरी मुलगी शोधलीय हे शिवणवाल्या बाईला कळलं, तेव्हा ती घाबरली. नवऱ्याला काय वाटेल, काम बंद होईल, लोक घरभेदी म्हणतील, सगळ्याची भीती वाटली. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. मग तिनं मखमलीचा तो वीतभर तुकडा पिशवीत घातला आणि पत्ता विचारत त्या मुलीच्या घरी गेली.

दार मुलीच्या आईनं उघडलं. घरात आनंदीआनंद होता. आठ वर्षांची पोर नवे बूट घालून आरशापुढे उभी होती. "साहेब देवमाणूस हो," ती आई म्हणाली. "सगळं समजावून सांगितलंय तिला. भीती वाटली तर तीनदा ठोकायचं, की लगेच उघडणार."

शिवणवाल्या बाईनं तिच्या टेबलावर तो तुकडा ठेवला.

"पेटीला आतून हे अस्तर आहे. मी शिवलंय. तुम्ही यावर ठोकून बघा."

"म्हणजे?"

"ठोका तर."

त्या बाईनं हसत हसत ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग जरा जोरात ठोकलं. मग ती हसायची थांबली, वाकून टेबलाला कान लावला आणि मूठ आपटली. नंतर मान वर न करताच तिनं आरशाकडे हाक मारली.

"बाळा, बूट काढ. आपल्याला कुठं जायचं नाहीये."